नजर आणि सळाख

आमगावात घराचं बांधकाम निघालं की आधी कॉलमच्या सळाखीला काळी बाहुली लटकते. नजर लागू नये म्हणून. हात लागू नये म्हणून मात्र फार तर 'विनापरवानगी आत येऊ नये' ही पाटी. तीही पत्र्याची, म्हणजे भंगारवाल्याच्याच कामाची. कायदा तसा समजूतदार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांखालची पहिली चोरी, माल परत केला तर, समाजसेवेवर भागते. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांब सळाख साडेदहा किलोच्या वर भरते. किती उचलायच्या, हा हिशेब चोराला तोंडपाठ. चौकीदार सिमेंटच्या पोत्यांना टेकून घोरतोय. बाहुली तेवढी डोळे वटारून जागी.