शिसपेन्सिल : निवड, निगा आणि लपवणूक

१. स्वरूप

शिसपेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांच्या भाजलेल्या कांडीवर लाकूड चढवून केलेले लेखनसाधन. या कांडीला व्यवहारात शिसे म्हणतात. लाकडाच्या पातळ पट्टीवर बारीक खाचा पाडून त्यांत शिसे बसवतात, वरून तशीच दुसरी पट्टी चिकटवतात आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. पेन्सिलीच्या बुडाशी नीट पाहिले तर हा सांधा दिसतो. अमेरिकेत या लाकडासाठी इन्सेन्स सीडार वापरतात. भारतात पॉपलर चालते आणि त्याचा मोठा पुरवठा काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातून, विशेषतः उखू गावातून होतो.

पेन्सिलीचा उपयोग लिहिणे, आकृत्या काढणे व हिशेब करणे यांसाठी होतो, असे क्रमिक पुस्तकांत सांगितलेले असते. पेन्सिलप्रेमी नावाचा मनुष्यविशेष मात्र ती विकत घेतो, हुंगतो, डब्यात ठेवतो आणि किराण्याची यादी कुठल्याशा लग्नात मिळालेल्या बॉलपेनने लिहितो. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

२. पूर्वपीठिका

सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे अतिशय शुद्ध ग्रॅफाइट सापडले. परिसरातील मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत, असे सांगतात. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना अस्तर म्हणून त्याचे मोल वाढले आणि चोऱ्या इतक्या होऊ लागल्या, की १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेने खाणीतून ग्रॅफाइट चोरणे हा गंभीर गुन्हा ठरवला. ऑफिसची पेन्सिल खिशात घालून घरी येणाऱ्यांनी हा कायदा आपल्याकडे लागू नाही, एवढ्यावर समाधान मानावे.

युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचे ग्रॅफाइट मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजण्याची कृती बसवली. १७९५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. माती वाढवली की शिसे कठीण होते व रेघ फिकी उमटते, कमी केली की शिसे मऊ व रेघ काळी. आजचे बहुतेक सगळे कारखाने मुळात याच कृतीवर चालतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीतील हार्टमुथ कंपनीने पिवळ्या रंगाची भारी पेन्सिल काढून तिला कोहिनूर हे नाव दिले. हिरा परत मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांची निदान पेन्सिलीपुरती सोय त्यामुळे झाली.

मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा व्यवसाय सुरू केला, त्यातून कॅम्लिन उभी राहिली. १९५८ मध्ये हिंदुस्तान पेन्सिल्स आली, तिने नटराज आणली आणि पुढे अप्सरा. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला याहून अधिक इतिहास सांगण्याची गरज नसते. लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज आणि कॅम्लिनची कंपासपेटी म्हटले, की तो स्वतःच बोलू लागतो आणि थांबत नाही.

३. प्रत ओळखणे

एचबी ही रोजच्या लेखनाची. एचमागचा आकडा वाढेल तसे शिसे कठीण, बीमागचा वाढेल तसे मऊ. टूएच यंत्रांच्या व इमारतींच्या आराखड्यांना, टूबीच्या पुढे छायांकनाला. एफ ही एचबी आणि एच यांच्या मधली. ती कोण घेते, हे बहुधा दुकानदारालाही ठाऊक नसते.

ज्या घरातील मूल एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसले असेल, त्या घरात सिक्सबीची एक पेन्सिल हमखास सापडते. परीक्षा आटोपली, मूल नोकरीला लागले, पेन्सिल अजून जवळजवळ अखंड आहे.

या खुणांवर फार विसंबू नये. कठीणपणाचे सर्वांना बांधणारे माप नाही. जपानी एचबी सहसा जर्मन एचबीपेक्षा काळी उमटते. कागदावर ओढून पाहणे हाच उपाय आहे. पावसाळ्यात कागद सर्दावतो, त्या दिवसांत कठीण शिसे कागद खरवडते, म्हणून एक प्रत मऊ घ्यावी. शाई अशा कागदावर फुटते. पेन्सिलीची रेघ फुटत नाही, भिजून वाळलेल्या वहीतही वाचता येते.

४. खरेदी

खरेदीस उत्तम महिना जून. शाळा उघडत असतात, अप्पा बळवंत चौकात किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर याद्या हातात धरलेल्या पालकांची झुंबड असते आणि त्या गर्दीत चाळिशीचा एकटा गृहस्थ कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ‘कितवीत आहे?’ असा प्रश्न आल्यास उत्तर तयार असावे. ‘भाचा, सहावीत’ हे चालते. भाचा इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेला असला, तरी पेन्सिलीच्या दुकानात तो सहावीतच असतो.

काउंटरवर दोन परीक्षा कराव्यात. पेन्सिल बुडाकडून पाहावी. शिसे लाकडाच्या मधोमध हवे. एका अंगाला सरकलेले असेल, तर टोक काढताना एका बाजूचे लाकूड शिशाच्या अंगावर चढून राहते आणि कितीही फिरवले तरी तसेच राहते. दुसरी परीक्षा सरळपणाची : पेन्सिल काचेवर लोळवावी. वाकडी असेल तर ती उड्या मारते. दुकानदार नाराजीने पाहतो. पाहू द्यावे.

पेन्सिल खाली पडू देऊ नये. आतल्या आत शिशाचे तुकडे होतात, बाहेरून काही दिसत नाही आणि मग दर वेळी टोक काढले की ते गळून पडते. दोष शार्पनरला दिला जातो.

५. टोक काढणे

शार्पनर हे साधन घाईच्या लोकांसाठी आहे. त्याचे पाते बोथट होते, हे पुष्कळांना आयुष्यभर कळत नाही. ते लहानशा स्क्रूने बसवलेले असते व बदलता येते. बोथट पाते लाकूड कापत नाही, ओरबाडते आणि शिसे पिळून तोडते. पेन्सिली भिकार निघू लागल्या आहेत अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम शार्पनर बदलून पाहावा.

खरे टोक ब्लेडने काढतात. अर्धे ब्लेड उजव्या हातात धरून तो हात स्थिर ठेवावा. जोर डाव्या अंगठ्याने ब्लेडच्या पाठीवर द्यावा. एकेक साल लांब आणि पातळ निघावी, प्रत्येक कापानंतर पेन्सिल किंचित फिरवावी. सुमारे इंचभर लाकूड उतरले, की बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे शिसे उघडे ठेवून थांबावे. उघड्या शिशाला ब्लेड लावू नये. ते बारीक पॉलिश पेपरवर आडवे धरून फिरवत घासावे आणि शेवटी चिंधीने पुसावे. असे टोक आडवे धरले तर रुंद छाया देते, उभे धरले तर केसाएवढी रेघ.

या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. या पाच मिनिटांत कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. काम टाळायचे असताना याहून प्रतिष्ठित उद्योग सापडत नाही, कारण पाहणाऱ्याला तो कामाची तयारी वाटतो. करणाऱ्यालाही वाटतो.

सालपटे दुधात घालून ठेवली की खोडरबर तयार होते, हा समज शाळकरी वयात सार्वत्रिक आहे. त्याची पडताळणी अनेक पिढ्यांनी स्वतंत्रपणे केलेली आहे. दूध नासते, पाठीत धपाटा मिळतो. खोडरबर होत नाही.

६. खोडरबर

१७७० च्या आधी पेन्सिलीची रेघ पावाच्या गराने पुसत. त्या सुमारास इंग्लंडमध्ये रबराचे तुकडे विकले जाऊ लागले. पांढऱ्या खोडरबराला कागदी वेष्टन असते. ते आल्याआल्या फाडून टाकण्याची रीत आहे. फाडू नये. हे खोडरबर मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरते. कंपासपेटीत चार महिने पट्टीला चिकटून पडलेले खोडरबर उचलले, की पट्टी सोबत येते आणि सेंटिमीटरच्या खुणा वितळलेल्या दिसतात. वेष्टन त्यासाठी असते. हे शाळेत सांगत नाहीत.

७. एक अफवा

अमेरिकेने अंतराळात चालणाऱ्या पेनावर कोट्यवधी उधळले आणि रशियाने पेन्सिल वापरली, हा संदेश कौटुंबिक व्हॉट्सॲप समूहावर आला की पेन्सिलप्रेमीची छाती फुगते. संदेश खोटा आहे. सुरुवातीला पेन्सिली दोन्ही देशांनी वापरल्या. १९६५ मध्ये नासाने ३४ यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी जवळजवळ १२९ डॉलरना घेतल्या आणि त्यावर ओरड झाली. ते पेन फिशर नावाच्या उत्पादकाने स्वतःच्या पैशाने बनवले, आणि पुढे रशियानेही तेच घेतले. शिशाचा तुटलेला कण वजनरहित अवस्थेत तरंगतो, विजेचा वाहक असतो आणि यंत्रात शिरू शकतो. ही दुरुस्ती समूहावर टाकू नये. काका अंगठा दाखवतात आणि पुढच्या महिन्यात तोच संदेश पुन्हा पाठवतात.

८. उसनवारी

देऊ नये.

द्यावीच लागली तर कंपनीचे नाव छापलेली, आधीच पडलेली पेन्सिल यासाठी वेगळी ठेवावी. घेणारा ‘पेन नाही का?’ असे विचारतो, मग नाइलाजाने घेतो, कागदावर असा दाबतो की खालच्या तीन पानांवर उठाव येतो, फोनवर बोलता बोलता तिने कान कोरतो आणि बूड दातांत धरतो. वर ‘छान आहे हो’ म्हणून परत करतो. जिच्यावर दातांच्या खुणा आल्या ती पेन्सिल त्याची झाली. त्याने ती परत करू नये. खरोखर करू नये.

९. साठवण व लपवणूक

पेन्सिली डब्यात आडव्या ठेवाव्यात. उभ्या ठेवायच्या तर टोक वर हवे. डबा असा निवडावा की वरून तो बिस्किटांचा वाटेल, पण मुले असलेल्या घरात हा उपाय उलटतो.

डबा उघडकीस आल्यावर ‘ह्या एवढ्या पेन्सिलींचं करणार काय आहेस?’ असा प्रश्न येतो. त्यावर विज्ञानाचा आधार घेता येतो. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी पेन्सिलीत असते तशाच ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावून त्याचा एका अणूएवढ्या जाडीचा थर सोलून काढला. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. म्हणजे स्टेशनरीतल्या दोन वस्तूंतून नोबेल. यावर ‘मग तू लावलीस का चिकटपट्टी?’ असा प्रतिप्रश्न येतो. त्यास उत्तर उपलब्ध नाही.

खरे उत्तर असे, की त्या पेन्सिली चांगल्या कामासाठी राखलेल्या आहेत. शोकेसमधल्या पाहुण्यांच्या कपबशांसारखे हे चांगले काम कधी येत नाही. हिशेब त्या योग्यतेचा नसतो, मुलीला गणित समजावणे नसते, पत्र तर कोणी लिहीत नाही. कादंबरीचा पहिला खर्डा चालला असता, पण ती अजून सुरू व्हायची आहे आणि तिच्यासाठी वही आणायची आहे.

ब्लॅकविंग ६०२ या अमेरिकन पेन्सिलीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९९८ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले आणि उरलेल्या पेन्सिलींसाठी लोक एकेकीला कित्येक डॉलर मोजू लागले. २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीने ते नाव पुन्हा बाजारात आणले. ज्यांनी जुन्या साठवल्या, त्यांच्याकडे आज जुन्या पेन्सिली आहेत. ही पेन्सिल वापरणारा लेखक जॉन स्टाइनबेक ती झिजवीत असे, आणि त्याच्याकडे पुस्तके झाली.

१०. वापर

डब्यातील सर्वांत चांगली पेन्सिल काढावी. वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहून थांबण्याची सवय मोडावी. खाली काहीही लिहावे : दूध, वीजबिल, गॅसवाल्याचा फोन. अक्षर वाईट आले तरी चालते. पेन्सिल आखूड होण्यासाठीच केलेली असते.

११. थोटूक

बोटांत धरता न येणारे थोटूक संपलेल्या बॉलपेनाच्या नळीत घट्ट बसते आणि आणखी पंधरवडा चालते. नळीतही धरता येईनासे झाले की टाकून द्यावे. पेटीत जपून ठेवू नये, थोटकांचाही संग्रह होतो. त्यानंतर नवी पेन्सिल घ्यावी. डब्यातली. दुकानातली नव्हे.