एडिंबऱ्यात मृग

मोर्शीची माणसं निघतात फिरायला आणि पोचतात तपासणीला. बाग घ्यायला आलेला व्यापारी आधी झाडाखालची फळगळ बघतो, मग मान वर करून फळ बघतो. आमच्या घरच्यांनी एडिंबरा शहर तसंच बघितलं. मी तिथं एम.एस्सी.ला होते. कोणता मनोरा किती मीटरचा, कोणता पुतळा कोणत्या सालचा, अशी वर्षभर गोळा केलेली विद्या कोणापुढे तरी पाजळायची होती. पाहुणे तिघं: आई, बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबांची संत्र्याची बाग. मोठे बाबा मोर्शी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले.

ते आले जूनमध्ये. संत्रा बागायतदारासाठी जून किती वाईट, हे वरुड-मोर्शीकडच्या वाचकाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड ताणावर जातं, पानं मलूल होतात आणि मृगाचा पाऊस पडला की तेच झाड फुलावर येतं. पाऊस लांबला की बहार हातचा गेला. अशी बाग ताणावर सोडून बाबा विमानात बसले, त्यामुळे ताण दोघांनाही होता.

विमानतळाबाहेर झिमझिम सुरू होती. तिथं जूनमध्ये ती असतेच, लोक छत्रीसुद्धा उघडत नाहीत. आईनं स्वेटरवर शाल घेतली. बाबा मात्र तळहात पुढे करून उभे राहिले.

"काय पाऊस आहे व! आन् पडून कुठं राह्यला, तं डांबरावर."

पुढे रोज सकाळी मोर्शीला व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात आधी ढग, मग झाडं, मग माणसं, अशा क्रमानं चौकशी. एडिंबरा किल्ल्याच्या तटावर मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं तेव्हा बाबा फोनमध्ये सातपुड्याकडचं आभाळ बघत होते.

त्या किल्ल्याचं तिकीट वीसएक पौंड. सगळ्यांचे आईवडील परदेशात रुपयांचा हिशेब करतात. बाबांनी तो क्रेटमध्ये केला. "म्हणजे किती क्रेट संत्रं झालं?" मी मोबाइल काढला तर म्हणाले, "थांब. आंबियाच्या भावानं धरून राह्यली का मृगाच्या?" आंबिया हा संत्र्याचा दुसरा बहार. दोन्ही भावांनी तिकीट महागच निघालं. पण आंबियाच्या भावानं जास्त महाग, म्हणून मृगाचा भाव धरून आम्ही आत गेलो.

या किल्ल्यावरून रोज दुपारी एकला तोफ उडते, रविवारी सुट्टी. १८६१ पासूनची प्रथा. खाडीतल्या जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून सुरू झालेली. तोफ उडाली, गर्दी दचकली, मग प्रत्येकानं मनगटाकडे पाहिलं. मोठ्या बाबांनीही पाहिलं. "साडेपाच. बरोबर आहे." त्यांनी घड्याळ मोर्शीच्या वेळेवरच ठेवलं होतं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. तोफ बाराला का उडत नाही, यावर स्कॉटिश लोक स्वतःचीच थट्टा करतात: बाराला बारा बार काढावे लागले असते, एकला एकात भागतं. हे ऐकल्यावर त्या लोकांबद्दल बाबांचं मत पहिल्यांदा चांगलं झालं.

ते दुसऱ्या दिवशी बिघडलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, रजिस्टर हाउससमोर, घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, १८५२ सालचा. मी सुरुवात केली, "हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला तो."

"ड्यूक झाला नंतर. आधीचं नाव काय याचं?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"आर्थर वेलस्ली."

"वेलस्ली? आपला गाविलगडवाला?"

शाळांच्या सहलींच्या गाड्या घेऊन मोठे बाबा चिखलदऱ्याला इतक्यांदा गेलेत की गाविलगड त्यांना मुखोद्गत आहे. पुतळ्यासमोरच्या फुटपाथवर त्यांनी खड्या आवाजात सांगितलं: १५ डिसेंबर १८०३, वेलस्लीचा हल्ला, किल्लेदार बेनीसिंग, भोसल्यांची शिबंदी, तटाला पडलेलं खिंडार. आतल्या तटाला शिडी लावून पहिल्यांदा आत उतरले ते ९४व्या पलटणीचे, म्हणजे स्कॉच ब्रिगेडचे लोक, ही भर मी घातली. घालायला नको होती, असं आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे हे लोक आपला किल्ला पाहून गेले आधीच," मोठे बाबा म्हणाले. "त्याइनं तिकीट काढलं होतं काय?"

विनातिकीट प्रवाशाकडे कंडक्टर ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं त्यांनी ड्यूककडे पाहिलं. फोटोला ते उभे राहिले, पण पुतळ्याकडे पाठ करून आणि पुतळा चौकटीत येणार नाही अशा बेतानं. माझ्याकडे त्या दिवसाचा मोठ्या बाबांचा एक उत्तम फोटो आहे, मागे नुसता रस्ता.

बसचं काय झालं, ते थोडक्यात. दुमजली बसमध्ये कंडक्टर नाही, हे कळल्यावर मोठे बाबा सबंध प्रवासात खालच्या मजल्यावर दाराजवळ उभे राहिले. वर या म्हटलं तर म्हणाले, "गाडी पाहाले कोणी पाह्यजे ना."

शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाचा २५१ मीटरचा डोंगर आहे, फार प्राचीन काळच्या ज्वालामुखीचा उरलेला. "त्याच आर्थरचा काय?" आईनं आधी खात्री करून घेतली. त्याचा नव्हे म्हटल्यावर निघाली. महाशिवरात्रीला सालबर्डीचा डोंगर चढलेली बाई. नऊवार नसेना, सहावार खोचून सरसर चढली. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "वर कोण आहे?"

"कोणी नाही. वरून शहर दिसतं."

"देव नाई? मंग एवढी माणसं काहून चढून राह्यली?"

याचं उत्तर मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं. माथ्यावर जमीनमोजणीचा एक बुटका खांब आहे. प्रत्येक जण वर आला की त्याला हात लावतो आणि फोटो काढतो. आईनं हे नीट पाहिलं, पर्समधून खडीसाखर काढली, खांबापुढे ठेवली आणि हात जोडले. मागे रांगेत असलेल्या एका गोऱ्या पोरानंही जोडले.

स्कॉट स्मारक बघून मात्र तिघंही गप्प झाले. ६१ मीटर उंच दगडी मनोरा, आणि तोही एका कादंबरीकारासाठी! शेजारच्या वेव्हर्ली स्टेशनचं नावसुद्धा त्याच्या कादंबरीवरून. "आपल्या रिद्धपूरले 'लीळाचरित्र' झालं," बाबा म्हणाले, "आन् मोर्शी तालुक्यातल्या अर्ध्या पोट्ट्याइले माहीत नाई." आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ आलंय, हे मी आठवण करून दिलं. त्यावर मोठ्या बाबांनी रिद्धपूरला गाड्या किती जातात, हा मुद्दा काढला. तो रास्त होता.

विद्यापीठाच्या ओल्ड कॉलेजच्या चौकात मी काहीच बोलले नाही. डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे आमच्याकडचे भाऊसाहेब, एडिंबरा विद्यापीठाचे एम.ए. पापळसारख्या गावातून निघालेला माणूस इथं शिकला आणि परत जाऊन त्यानं शिवाजी शिक्षण संस्था काढली. बाबा त्या संस्थेच्या शाळेत शिकले. त्यांनी चौकात बूट काढले. रखवालदार आमच्याकडे आला, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत गेला.

आता संत्र्याचं. माझ्या खोलीवर पाहुणे ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून तिघं एका म्हाताऱ्या बाईंच्या घरगुती लॉजमध्ये उतरले होते. सकाळी टोस्टबरोबर मार्मालेड यायचं. पहिल्या घासाला बाबांचं तोंड वाकडं झालं. "संत्र्याचा मुरंबा, आन् कडू?"

बाईंनी कौतुकानं सांगितलं की कडूच हवा. जानेवारीत स्पेनच्या सेव्हिलची कडू संत्री बाजारात येतात, ती नुसती खाता येत नाहीत, म्हणून त्यांचं हे करतात. बिया आणि आतला पांढरा पापुद्रा फडक्यात बांधून रसाबरोबर शिजवायचा, त्यानं पाक धरतो. आईनं मान डोलावली. पुरचुंडी तिला समजली.

"तुमच्याकडे झाडं किती?" बाबांनी माझ्यामार्फत विचारलं.

"एकही नाही. इथं कुठलं संत्र्याचं झाड!"

बाबांनी चमचा खाली ठेवला. मग बाईंनी डंडीची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकात वादळामुळे एक जहाज डंडी बंदरात शिरलं, त्यातली कडू संत्री केलर कुटुंबानं स्वस्तात घेतली आणि त्यातून मार्मालेडचा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. दंतकथाच म्हणा, पण कारखाना खरा. कथेतलं वादळ, जहाज, केलर बाईंची हुशारी, यातलं बाबांना काहीच लागलं नाही.

"स्वस्तात घेतली? त्या स्पेनच्या शेतकऱ्याले काय भेटलं मंग?"

मी भाषांतर केलं. बाईंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी आणखी चहा आणला.

तिथून खोलीवर येईपर्यंत बाबा बोलत होते. एकही झाड नसलेल्या मुलखानं संत्र्यावर नाव कमावलं. आमच्याकडे बांगलादेशानं आयातशुल्क वाढवलं की ट्रक थांबतात, आणि प्रक्रिया प्रकल्पाची घोषणा ऐकून माझी पिढी मोठी झाली. त्याच दुपारी मोर्शीहून फोन आला: पाऊस पडला. बाबांनी आभाळाचा फोटो मागवला आणि रात्री दहापर्यंत मावळायचं नाव न घेणाऱ्या त्या उजेडात आईनं कधी नव्हे ते दिवेलागणीची वाट न पाहता साखर वाटली.

पुढे मोर्शीला आंबियाची संत्री आल्यावर आईनं मार्मालेड करून पाहिलं. आपल्या संत्र्याची साल पातळ, बिया थोड्या. पाक काही धरेना. मग बांधावरच्या एका जुन्या झाडाचा कलम वाळून खालचा जंबेरीचा खुंट फुटला होता, त्याची आंबट-कडू फळं तिनं त्यात घातली. पाक धरला. कडूही झालं. बाबांनी अर्धा चमचा खाऊन बरणी मोठ्या बाबांकडे सरकवली. त्यांनी दोन बरण्या डेपोत नेल्या, त्या आठवड्याच्या आत संपल्या. खोकल्यावर चांगलं आहे, असं ड्रायव्हर-कंडक्टरांचं मत पडलं.