उन्हाचा रतीब

बुलढाणा जिल्ह्यात ज्याची टंचाई कधीच जाहीर झाली नाही, अशी एकच गोष्ट आहे: ऊन. पाण्याला टँकर लागतो, विजेला पाळी लागते, ऊन मात्र घरपोच येतं. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे ते जरा जास्तच सढळ हाताने मिळतं आणि घाटावरचे आम्ही ‘आमच्याकडे हवा थंड आहे हो’ असं घाम पुसत पुसत सांगतो. अशा जिल्ह्यात राहून मनगटावरचं स्मार्टवॉच रोज रात्री भिंतीतल्या विजेला जोडायचं, हे मला हल्ली पटेनासं झालंय. शेतातली 3 अश्वशक्तीची मोटर सूर्यावर चालते. तिच्यापुढे घड्याळाची भूक ती केवढीशी!

केवढीशी ते पाहायला हिशेब मांडला. भर दुपारी एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 100 मिलिवॉट ऊन पडतं. घड्याळाची तबकडी धरा 10 चौरस सेंटिमीटर. झालं 1 वॉट. चांगलं सौर पॅनल त्यातल्या पाचव्या हिश्श्याची वीज करतं, म्हणजे 200 मिलिवॉट. रोज चार्जिंग मागणारं घड्याळ दिवसभरात सरासरी 50 मिलिवॉटच्या आसपास खातं. म्हणजे एका तासाच्या उन्हात चार तासांची बेगमी. हिशेब इतका सुरेख जुळला, की तो एखाद्या योजनेच्या माहितीपत्रकातला वाटायला लागला आणि तिथेच शंका आली.

तबकडीभर पॅनल लावलं तर वेळ कुठे बघायची? म्हणून कंपन्या कडेला बारीक कडं बसवतात किंवा काचेखाली जवळजवळ पारदर्शक थर देतात. 200 मिलिवॉटमधले बरेचसे तिथेच गळतात. राहिलेल्यांची वाट हाताची ठेवण लावते. मेच्या उत्तरार्धात भर दुपारी आपल्याकडे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पायाखाली सावली उरत नाही. पण चालताना हात खाली लोंबतो आणि तबकडी रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहते. तिला ऊन द्यायचं तर अर्घ्य दिल्यासारखं मनगट पुढे धरून आठवडी बाजारातून हिंडावं लागेल.

तरी हे स्वप्न पोकळ नाही. 1976 साली सिटिझनने प्रकाशावर चालणारं काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ काढलं. क्वार्ट्झला मिलिवॉट नव्हे, काही मायक्रोवॉट पुरतात. ते घरातल्या ट्यूबलाइटवरही तग धरतं. आपल्या हुशार घड्याळाला मात्र नाडी बघायची, पावलं मोजायची, उपग्रहाला ठावठिकाणा विचारायचा, शिवाय फोनवरच्या ‘शुभ सकाळ’ची वर्दी द्यायची. गार्मिनने 2019 मध्ये आणलेल्या फेनिक्स 6 एक्स प्रो सोलरचे 21 दिवस उन्हामुळे 24 होतात, असं कंपनी सांगते. 2022 च्या इन्स्टिंक्ट 2 सोलरला तर साध्या वापरात चार्जरच नको, असा दावा आहे. पण त्याचा पडदा बिनरंगी, आणि अट अशी, की रोज 3 तास 50,000 लक्स उजेडात बाहेर राहायचं. माझ्या टेबलावरच्या उजेडाची उडी काही शे लक्सच्या पुढे जात नाही.

चिखलीकडे शेती करणाऱ्या माझ्या काकांना ही अट सांगितली. ते म्हणाले, “म्हंजे चारा उन्हाचा, अन् जनावर बांधलं गोठ्यात. मंग ते दूध देईन कसं?”

“मग तुम्हीच घाला ना काका,” मी म्हटलं. त्यांनी काही न बोलता सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढली आणि गुंडी लावली. मग लक्षात आलं, उन्हात राबणारं मनगट उघडं नसतंच. कपाशीत निंदायला जाणाऱ्या बायाही लुगड्यावर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात. ज्यांची उन्हाशी रोजची गाठ, ते त्याच्यापासून अंग झाकायला शिकलेत. उघडी मनगटं सगळी आमची, आणि ती पंख्याखाली.

घड्याळ गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घालावं, हाही विचार झाला. पण लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणं तिला मानवत नाही, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीला हा आकडा किरकोळ वाटतो. शिवाय गच्चीवर पडलेलं घड्याळ पावलं कुणाची मोजणार?

शेतातल्या सौरपंपाचं मर्म आता कळतं. त्याचं साधारण 3,000 वॉटचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, तिरपं, दिवसभर जागचं हलत नाही. त्याला सावलीची ओढ नाही. घड्याळाचं पॅनल बांधलेलं असतं ते ऊन दिसलं की कडुनिंब शोधणाऱ्या प्राण्याच्या हाताला. ऊन घड्याळाचे दिवस वाढवतं, पण जे कमी खातं त्याचेच जास्त. म्हणून सूर्याला त्रास देण्याआधी मी घड्याळाची कामं कमी केली. शुभ सकाळ बंद, रक्तातला ऑक्सिजन बंद, आणि झोप कशी लागली हे माझं मला ठरवता येतं. बॅटरी आता खरंच जास्त पुरते. ‘तुम्ही बराच वेळ बसून आहात’ ही सूचना तेवढी चालू ठेवली आहे. ती आली की मी लगेच उठतो आणि कूलरजवळच्या खुर्चीत जाऊन बसतो.