आत्मपरीक्षण: घरगुती वापरासाठी माहितीपुस्तिका

अभिनंदन! स्वतःच्या आत डोकावून बघायचं आपण ठरवलंत. हे उपकरण जन्मापासून तुमच्याकडेच आहे, फक्त खोक्यातून बाहेर काढलेलं नव्हतं. वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचाव्यात. वॉरंटी नाही. बिघाड झाल्यास उपकरण बदलून मिळत नाही.

साहित्य

एक वही, एक पेन. नवशिक्यांचे दोन आठवडे इथेच जातात. कागद जाड हवा की पातळ, वही शिवलेली हवी की स्पायरलची, पेन जेलचं की शाईचं, हे ठरेपर्यंत मूळ ताण कशाचा होता ते विसरायला होतं. काहींचं काम एवढ्यावरच भागतं. त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

दुकानात हल्ली ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’ नावाची जाडजूड वही मिळते. प्रत्येक पानावर आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात असा प्रश्न आणि खाली तीन रेघा. पहिल्या दिवशी आपण लिहितो आई, आरोग्य, पाऊस. दुसऱ्या दिवशी आई, आरोग्य, पाऊस थांबला. तिसऱ्या दिवशी तीन रेघांकडे बघून शाळेतल्या रिकाम्या जागा भरा आठवतात आणि नवीनच ताण येतो.

त्यापेक्षा पतसंस्थेची डायरी काढा. ती असतेच घरात. जानेवारीत कुणीतरी आणून देतं आणि ती कपाटावर जाते. पहिल्या पानावर संचालक मंडळाचे फोटो, मग मुदत ठेवींचे व्याजदर, सुट्ट्यांची यादी, रक्तगट लिहायची एक चौकट, जी आजवर कुणी भरल्याचं ऐकिवात नाही. गेल्या वर्षीचीही चालेल. अशा डायरीत १ जानेवारीला सुवाच्य अक्षरात पानभर संकल्प असतो, २ तारखेला अर्धं पान, ५ तारखेला ‘काल-परवा जमलं नाही’ आणि त्यानंतर थेट दुधाचा हिशोब सुरू होतो. ते दुधाचं पान फाडू नका. पुढे कामाला येणार आहे.

जागा

पुस्तकातल्या आत्मपरीक्षणाला खिडकीपाशी आरामखुर्ची आणि बाहेर एक झाड लागतं. वन बीएचकेत खिडकीपाशी कपडे वाळत घालायचा स्टँड असतो आणि आरामखुर्चीवर इस्त्रीला द्यायचा ढीग.

अनुभवी मंडळींची पसंती सोसायटीच्या पार्किंगला आहे. संध्याकाळी स्कूटर लावून, चावी काढून, हेल्मेट मांडीवर घेऊन पाच-दहा मिनिटं नुसते बसलेले गृहस्थ तुम्ही पाहिले असतील. हातात फोन नसेल तर त्यांची साधना चालू आहे असं समजावं आणि जाताजाता “काय, पेट्रोल संपलं का?” असं विचारू नये. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये ज्यांची स्वतःची म्हणून एवढीच जागा उरलेली असते, त्यांना ती लागते. गृहिणींना तीही मिळत नाही. त्यांचं बरंचसं आत्मपरीक्षण कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मधे उरकतं, आणि तरी ते पार्किंगमधल्यापेक्षा खोल असतं असं माझं निरीक्षण आहे.

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये वही उघडायचा प्रश्नच नाही, तिथे काय ते मनातल्या मनात. विंडो सीट मिळालीच तर मात्र आत्मपरीक्षण करू नये. झोपावं.

वेळ

पहाटे पाच, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी दूध कोण तापवतं, डबे कोण भरतं, याची माहिती मिळत नाही. दुसऱ्या शतकातला रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस हा या क्षेत्रातला ज्येष्ठ माणूस. डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर लढाया चालू असताना त्यानं स्वतःपुरती टिपणं ग्रीकमध्ये लिहिली आणि ती आजही छापली जातात. त्यात सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही तेव्हा स्वतःची समजूत कशी घालावी, यावर एक अख्खं टिपण आहे. सम्राटाला जे जड गेलं ते तुम्हाला सोमवारपासून जमेल असं धरून चालू नका.

रात्रीची वेळ बरी. रोमचाच तत्त्वज्ञ सेनेका याची तीच होती. रागावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो ही पद्धत सांगतो: दिवा गेला, बायकोलाही सवय माहीत असल्यानं ती गप्प झाली, की तो दिवसभराचं बोलणं-वागणं पुन्हा तपासून बघायचा. अमक्याशी वादात जास्त तोडून बोललास, तमक्याला नीट सांगायचं सोडून दुखावलंस, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ, असा एकूण मामला. बायको गप्प झाली, या तपशिलाकडे विवाहितांनी विशेष लक्ष द्यावं. पद्धतीचा अर्धा भाग तोच आहे. मात्र या उपायाचा साहेबावर काही परिणाम होईल अशी आशा बाळगू नये. सेनेकाचा शिष्य आणि पुढे साहेब झालेला नीरो यानं इ. स. ६५ मध्ये त्याला मरणाचा हुकूम धाडला.

कृती

दिवे घालवून आडवं व्हा, डोळे मिटा आणि आज काय झालं याचा विचार करा. दोन मिनिटांत तुम्ही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या त्या मीटिंगमध्ये पोचलेले असाल. साहेब सगळ्यांसमोर काय बोलले, आपण काय बोलायला हवं होतं, ते बोललो असतो तर त्यांचा चेहरा कसा झाला असता. मग मीटिंग पुन्हा पहिल्यापासून. दीडच्या सुमारास तुमचं उत्तर अतिशय धारदार झालेलं असतं आणि झोप पूर्ण उडालेली असते.

हे आत्मपरीक्षण नाही. हा रवंथ. म्हैस करते तेव्हा निदान दूध तरी मिळतं.

हा फरक गमतीचा वाटला तरी त्याची तपासणी झालेली आहे, तीही भूकंपाच्या कृपेनं. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या: उदास वाटलं की तुम्ही काय करता? भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्यांच्याकडेच जाऊन पाहिलं, तर आपल्याला कसं वाईट वाटतंय आणि का वाटतंय हेच घोळवत बसायची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती. जमीन सगळ्यांच्याच पायाखालची हलली होती.

तेव्हा अंथरुणात पडून विचार करायचा नाही. उठून बसायचं आणि लिहायचं. लिहितानाही पहिला प्रयत्न साधारण असा येतो:

‘आज पुन्हा सिद्ध झालं की लोक आपल्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतात. साहेबांना माणसांची किंमतच नाही. मीच मूर्ख म्हणून या ऑफिसात बारा वर्षं काढली.’

यात घटना एकही नाही. तीन वाक्यांत तीन निकाल लागले आहेत: एक समाजाविरुद्ध, एक साहेबांविरुद्ध, एक स्वतःविरुद्ध. साक्षीदार एकही तपासलेला नाही. असं रोज लिहून वर्षाअखेरीस हजारावर निकाल जमतात आणि माणूस आहे तिथेच असतो, फक्त जास्त खात्रीनं.

आता ते दुधाचं पान उघडा. ‘११ – एक लिटर. १२ – एक लिटर. १३ – खाडा. १४ – दीड, पाहुणे.’ दूधवाल्याचा स्वभाव, त्याची वृत्ती, हल्लीची पिढी, यांपैकी एक अक्षर तिथे नाही. आलं की आलं, नाही आलं की खाडा. म्हणून तर महिनाअखेरीला त्या पानावरून पैसे चुकते होतात आणि कुणाचं भांडण होत नाही. आत्मपरीक्षण इतपत जमलं तरी पुष्कळ. मीटिंगची नोंद मग अशी होते:

‘बुधवार. जेवणानंतर मीटिंग. साहेब म्हणाले, फाइल अजून नाही? सगळ्यांसमोर. मी म्हणालो, झालीच आहे. झाली नव्हती.’

शेवटचे दोन शब्द लिहायला नवशिक्याला सरासरी किती वेळ लागतो ते सांगता येत नाही. पेनाचं टोपण काढून, घालून, पाणी पिऊन, गॅलरीत फेरी मारून ते येतात. पण रात्री दीडपर्यंत जे धारदार उत्तर घासायचं चाललं होतं, त्याची गरज ते आले की संपते.

भावना लिहायची नाही का? लिहा की. ‘१३ – खाडा, काळा चहा प्यावा लागला, चिडचिड झाली’ असं लिहायला कुणाची हरकत आहे? चिडचिड तुमची आहे, तिची नोंद तुमच्याच खात्यात व्हायला हवी. फक्त साहेबांच्या मनात काय होतं हे त्यांच्या वतीनं भरू नका. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील यांच्याबरोबर १९८६ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांबद्दल लिहिलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. वहीच्या जाहिरातीत हे सांगतात. लिहून झाल्यावर लगेच त्याच मुलांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं आणि त्यांचा रक्तदाबही चढलेला होता, हे सांगत नाहीत. नंतरच्या ढीगभर अभ्यासांत फायदा दिसला, पण बेताचाच. म्हणून पहिल्या रात्री वही मिटल्यावर मन हलकं झालं नाही तर उपकरण बिघडलं असं समजू नये.

वही नसेल त्या वेळी करायची एक युक्ती: स्वतःला नावानं हाक मारा. “अरे पक्या, लेका, तू घाबरलायस कशाला?” मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की ताणाच्या प्रसंगी ‘मी, मी’ करण्याऐवजी स्वतःला नावानं संबोधणारे लोक भाषण बरं करतात आणि नंतर स्वतःला कमी खातात. आपल्याकडे याचं नवल वाटायचं कारण नाही. रामदासांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक ऐकवले आहेत, आणि ओट्याशी उभी असलेली कुठलीही बाई दिवसातून चारदा तरी “सुमे, आवर आता” असं स्वतःला बजावतेच. मनातल्या मनात म्हणा. मोठ्यानं म्हटलंत तर बस थांब्यावरची माणसं थोडी बाजूला सरकतात.

प्रगती मोजणे (ऐच्छिक)

अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं तेरा सद्गुणांची यादी करून एक छोटी वही आखली होती. आठवड्याला एक गुण, आणि चुकलं की त्या रकान्यात काळा ठिपका. मूळ यादी बारांचीच होती; तू गर्विष्ठ आहेस असं एका मित्रानं तोंडावर सांगितलं तेव्हा तेरावा गुण म्हणून नम्रता आली. जुने ठिपके खोडून वही पुन्हा वापरता वापरता कागदाला भोकं पडली, मग त्यानं ओल्या स्पंजनं पुसता येतील अशी हस्तिदंती पानं आणली. सगळ्यात छळलं त्याला व्यवस्थितपणानं. तो काही अखेरपर्यंत नीट जमला नाही, असं त्यानं आत्मचरित्रात सांगून टाकलंय. मला विचाराल तर यातला कामाचा भाग तो मित्र होता. ठिपके आपल्याला माहीत असलेल्या दोषांनाच पडतात.

हे उपकरण कशासाठी नाही

हल्ली कंपन्या वर्षातून एकदा कार्यशाळा घेतात. एक प्रसन्न माणूस येतो, सगळ्यांना डोळे मिटायला लावतो, ताण बाहेर नसतो, तो आपल्या प्रतिक्रियेत असतो असं सांगतो आणि जाताना कॉफीचा मग देतो. चार माणसांचं काम दोघांकडून करून घेतलं जातंय, हे त्या दोघांनी कितीही डोळे मिटून पाहिलं तरी दोनाचे चार होत नाहीत. अशा वेळी आत डोकावू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा, त्याचीही तीच गत आहे का, आणि दोघं मिळून वर जा. कर्जाचा हप्ता, पाण्याचा टँकर, मुलाची फी, यांनाही हे लागू. दुधाच्या पद्धतीनं महिनाभर नोंदी केल्यात तर कुठला ताण आपला आणि कुठला वेळापत्रकाचा, एवढं मात्र वेगळं काढता येतं, आणि वर जाताना हातात तारखा असतात.

दहा दिवस सुट्टी मिळत असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेची सोय आहे. पहाटे चारला उठणं, बोलणं बंद, वाचणं-लिहिणंही बंद, त्यामुळे वहीचा प्रश्न परस्पर मिटतो. परतल्यावर महिनाभर “न बोलता कसा राहिलास रे?” याचं उत्तर देत बोलावं लागतं.

धोक्याची सूचना (ही गंमत नाही)

आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवणावरची वासना गेलेली, कशातच जीव रमत नाही, किंवा जगून काय करायचं असं वाटू लागलंय, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मध्ये पंधरा दिवस खंड पडला. आता काय?*
खाडा लिहा. पुढे चला.

*माझ्या नोंदींत रोज तीच तीन माणसं येतात.*
पाच दिवसांच्या नोंदी ओळीनं वाचा. तिन्ही माणसांच्या वेळी हजर असलेला चौथा कोण, ते बघा.

*हे लिहिलेलं पुन्हा वाचायचं का?*
वर्षाअखेरीला एकदा, रद्दी घालायच्या आधी.

*डायरी घरच्यांच्या हाती पडली तर?*
निकाल लिहिले असतील तर अवघड आहे. लपवायला जागा शोधा, गादीखाली सोडून. नुसत्या नोंदी असतील तर बायको दोन-चार पानं वाचेल, यातलं बहुतेक मला माहीतच होतं म्हणेल, आणि पाहुणे चौदाला नव्हे पंधराला आले होते, तेवढी तारीख दुरुस्त करून देईल.