फ्रान्सचे भोजनखाते

फ्रान्समध्ये प्रजासत्ताक नांदते, त्याला राष्ट्राध्यक्ष, संसद व मंत्रिमंडळ आहे, असे भूगोलाची पुस्तके सांगतात. परंतु त्या देशाच्या खेड्यापाड्यांतून थोडेफार हिंडलेल्या मनुष्यास लवकरच कळून चुकते की, खरी राजसत्ता तेथे दुपारी बारा ते दोन या वेळेत चालते आणि ती सर्वस्वी भोजनखात्याच्या अखत्यारीत आहे. बर्गंडीतील एका गावी आमची मंडळी क्षुधेने व्याकुळ होऊन अडीच वाजता पोहोचली, तेव्हा चूल विझली होती, खुर्च्या मेजांवर पालथ्या पडल्या होत्या, आणि दारातील बाई परम अदबीने, पण दयेचा लवलेशही न दाखवता, ‘संध्याकाळी साडेसातला या’ असे बजावीत होत्या. बाकीच्यांनी फ्रेंच राष्ट्राचा यथेच्छ उद्धार केला. आमच्यातले एक सेवानिवृत्त मामलेदार मात्र प्रसन्न मुद्रेने उभे होते. कारण अर्जदारांना ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’ म्हणून परत धाडल्याबद्दल ज्यांनी उभी हयात शिव्याशाप खाल्ले, त्यांना तेच तत्त्व एका प्रगत राष्ट्राने शिरोधार्य मानलेले प्रथमच दिसत होते. फ्रेंच कामगार-संहितेप्रमाणे नोकरांना कामाच्या जागीच जेवू देण्याची मालकाला मनाई आहे, हे कळल्यावर तर त्यांचा कंठ दाटून आला.

या खात्याचा शिरस्ता एकदा समजून घेतला की प्रवास सुखाचा व स्वस्तही होतो. दुकानात वा उपाहारगृहात पाऊल टाकताच, काही मागण्यापूर्वी, ‘बाँझूर, मादाम’ म्हणावे. या नमस्काराविना केलेली मागणी दाखलच करून घेतली जात नाही. मुख्य भोजन दुपारी करावे, कारण जो स्वयंपाकी रात्री खिसा रिकामा करतो तोच दुपारी ठरावीक पदार्थांचे ताट बेताच्या दरात वाढतो. पाणी मागताना ‘काराफ द’ओ’ म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी फुकट मिळते. नुसते पाणी मागणाऱ्यापुढे बाटली आणि पुढे तिचे बिल येण्याचा संभव असतो. सेवेचा आकार किमतीत धरलेलाच असल्यामुळे बक्षिशीची सक्ती नाही; मन प्रसन्न झाले तर चार नाणी ठेवावीत. बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही, कारण बसलेल्या पाहुण्याला उठवणे तेथे असभ्य मानतात. दुपारच्या जेवणानंतर दुधाची कॉफी मागण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण वाढप्याच्या डोळ्यांत जी करुणा दाटते ती सोसण्याचे धैर्य हवे.

आता मिशेलिनच्या ताऱ्यांविषयी. क्लेरमाँ-फेराँ येथील टायरच्या कारखानदारांनी 1900 साली ही मार्गदर्शिका काढली, ती लोकांनी मोटारी पुष्कळ हाकाव्यात म्हणून. तारे आले ते 1926 पासून. एक तारा म्हणजे वाटेत थांबावे, दोन म्हणजे वाट वाकडी करावी आणि तीन म्हणजे त्यासाठीच प्रवासाला निघावे. थोडक्यात, टायर जितके अधिक झिजावेत तितका स्वयंपाक उत्तम! तथापि लियाँच्या यूजेनी ब्राझिए या बाईंनी 1933 साली आपल्या दोन्ही उपाहारगृहांना तीन-तीन तारे मिळवले, त्यांपुढे थट्टाही नम्र होते. माझे मत विचाराल तर ताऱ्यांपेक्षा ट्रक मोजावेत. हमरस्त्याकडेला ‘रूतिए’ म्हणजे ट्रकवाल्यांच्या खानावळीची तांबडी-निळी गोल पाटी आणि तिच्यापुढे बारा वाजता ट्रकांची रांग दिसली, की निःशंक आत शिरावे.

शाकाहाऱ्यांची गोष्ट निराळी. लियाँच्या ‘बूशाँ’ नामक खानावळींत डुकराच्या आतड्यांचा आणि गाईच्या जठराचा इतका गौरव होतो की, आमच्या मामलेदारसाहेबांना तेथे पाव व कोशिंबीर यांवर गुजराण करावी लागली. कांद्याचे निरुपद्रवी दिसणारे सूपही बहुधा गोमांसाच्या रश्शात शिजलेले असते. नीसला मात्र ते भरून पावले. तेथील ‘सोक्का’ म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे, तांब्याच्या थोरल्या परातीत भट्टीत भाजलेले, मिरपूड भुरभुरलेले धिरडेच. चीज कसे विरजले याची चौकशी त्यांनी कटाक्षाने टाळली, आणि ते शहाणपणाचे होते.

खेड्यात घरगुती ‘शांब्र द’ओत’मध्ये उतरावे. रात्रीच्या जेवणाची सोय असली, तर ते यजमानांच्याच मेजावर, सर्वांना एकच बेत असे असते. म्हणून शाकाहाराची वर्दी खोली ठरवतानाच द्यावी, पान वाढल्यावर नव्हे. आठवड्याच्या बाजारात फळांना स्वहस्ते चाचपू नये. खरबूजवाली आपल्याला विचारते, ‘आज खाणार की उद्या?’ आणि उत्तराप्रमाणे वास घेऊन, दाबून, नेमके फळ काढून देते. मामलेदारसाहेबांनी गुरुवारी संध्याकाळचे खरबूज मागून पाहिले. बाईंनी क्षणभर विचार करून ते दिले, आणि गुरुवारी संध्याकाळी ते तंतोतंत पिकले होते.

ऑगस्टात पॅरिसमधल्या कित्येक लहान खानावळी दारावर चिठ्ठी डकवून सुट्टीवर जातात, आणि सोमवारी खेड्यातील निम्मी दुकाने बंद असतात. लूव्र बंद असते ते मंगळवारी. तेव्हा सोमवार लूव्रला द्यावा. आणि त्या दिवशी खेड्यातच मुक्काम असला, तर पाव, चीज व फळे रविवारी सकाळच्या बाजारातूनच घेऊन ठेवावीत.