चार आण्याची कोंबडी

कॅलिफोर्नियातल्या जे. बी. नेदरकट यांचा धंदा लिपस्टिक-पावडरचा. आत्या मर्ल नॉर्मन यांच्या नावाची कंपनी होती, पैसा होता. १९५६ साली त्यांनी दोन जुन्या गाड्या घेतल्या: पाच हजार डॉलरची ड्यूसेनबर्ग आणि पाचशे डॉलरची १९३० सालची ड्यूपाँट.

ड्यूपाँट काही आठवड्यांत चकाचक होईल, असा अंदाज होता. लागले अठरा महिने आणि सुमारे पासष्ट हजार डॉलर. बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच! १९५८ साली पेबल बीचच्या देखण्या गाड्यांच्या स्पर्धेत तिने पहिला मान पटकावला आणि घरच्या हिशेबवहीचा आवाज कायमचा बंद झाला.

एरवी अशा वेळी घरातलं कोणीतरी ‘पुरे आता’ म्हणतं. इथे पत्नी डोरोथी शौकात सामील, पुढे मुलगा आणि सूनही.

गाड्या अडीचशेच्या वर गेल्या. त्यांतली एक ड्यूसेनबर्ग ऐन मंदीत, १९३३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात मिरवली होती. नवी फोर्ड पाचएकशे डॉलरला मिळत असताना हिची किंमत वीस हजार. म्हणून नावच पडलं ‘ट्वेंटी ग्रँड’. सिलमारच्या नेदरकट संग्रहालयात ती आज फुकट बघता येते.