लिंबूटिंबू

(शनिवार, रात्रीचा एक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव नुकताच आवरला आहे. बाकीचे खाली गाड्या काढताहेत. टेबलावर पुठ्ठ्याचा घडीचा पडदा, विखुरलेले फासे आणि तळाशी आलेलं भडंगाचं ताट. एकानं पडद्याआडून खेळ चालवला, दुसरा पडद्यापुढे बसून मांत्रिक झाला होता.)

पुढचा : खरं सांग. मगाशी त्या गॉब्लिननं माझ्यावर वार केला, तेव्हा दान काय पडलं होतं?

आडचा : सांगितलं ना, हुकला म्हणून.

पुढचा : मी भडंगासाठी वाकलो होतो. वीस बाजूंच्या फाशावर वीस. शेजारी दोन फासे, दोन्हींवर सहा.

आडचा : भडंग तुझ्या बाजूलाही होतं.

पुढचा : वीस पडले की इजेचे फासे दुप्पट. सहा न् सहा बारा, वरचे दोन, चौदा. माझे हिट पॉइंट सात. सात गेले, सात शिल्लक. उरलेली इजा पुऱ्या सातांएवढी भरली की जीव वाचवायला फासे टाकायचीही सोय नाही. मी जागच्या जागी मेलो होतो!

आडचा : आणि मी वाचवलं याचं तुला दुःख?

पुढचा : मेल्याचं दुःख नाही रे. मेलो ते मलाच कळवलं नाहीस!

आडचा : अरे, 720 वारांत सरासरी एकदा पडणारं दान ते. खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झालेली. तू मांत्रिकाची अकरा पानी पूर्वकथा लिहून आणलेली. त्याच्या आजोबांची पाठदुखीसुद्धा होती त्यात.

पुढचा : ती पुढे उपयोगी पडणार होती.

आडचा : म्हणूनच म्हटलं, जाऊ दे याला पुढे.

पुढचा : याला शकुनी म्हणतात.

आडचा : शकुनी जिंकायला फासे फिरवायचा, मी हरायला फिरवतो. हरून वर बोलणी खाणारा शकुनी ऐकलायस कधी? आणि मला ग्रंथाधार आहे. हा खेळ रचणाऱ्या खुद्द गॅरी गायगॅक्सनं 1979 च्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय की, फाशाचा निकाल फिरवायचा हक्क खेळ चालवणाऱ्याला आहे.

पुढचा : त्याच गायगॅक्सनं 1975 च्या स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचलं. भिंतीवर हिरवा सैतानी चेहरा, तोंड आ वासलेलं. आत शिरलास की संपलास. फासा नाही, अपील नाही.

आडचा : बरं, 2014 चं पुस्तक घे. त्यातही पडद्यामागे निकाल बदलायची मुभा आहे.

पुढचा : पण वारंवार बदलू नका आणि खेळाडूंना कळू देऊ नका, हेही आहे.

आडचा : वारंवार कुठे केलं?

पुढचा : तो ओगर? त्याला 59 हिट पॉइंट असतात. मी मोजत होतो. 31 ला मेला!

आडचा : साडेबारा वाजले होते. एकला वॉचमन गेट लावतो.

पुढचा : आणि कळू न देणं तर तुला जमलंच नाही. लहानपणी चाळीत लपाछपी खेळताना मला लिंबूटिंबू करायचे. पकडलं तरी माझ्यावर राज्य नाही. मला वाटायचं, आपण काय चपळ आहोत! मग एके दिवशी ताईच्या मैत्रिणीनं सांगून टाकलं. आज बत्तिसाव्या वर्षी पुन्हा तेच.

आडचा : मग काय, पडदा फेकून देऊ?

पुढचा : पडदा असू दे. मला मारायचं नसेल तर फासाच टाकू नकोस. गॉब्लिनला म्हणावं, याला जिवंत धर, खंडणी मिळेल. तो तुझा अधिकार, मी हूं की चूं करणार नाही. पण फासा टाकलास म्हणजे तू प्रश्न विचारलास. मग उत्तर आवडलं नाही म्हणून बहिरं व्हायचं नाही.

आडचा : बोलायला सोपं आहे. मी तीन रविवार घालवून नकाशा काढायचा आणि तुम्ही हवं तिकडे भटकायचं. माझ्या हातात काहीतरी नको? तरी बघ, तुमच्यावर जबरदस्ती कधी केली नाही. तुम्ही आपणहून नेमके गुहेत शिरलात.

(पुढचा ताटातले शेंगदाणे वेचू लागतो.)

आडचा : काय झालं?

पुढचा : वाटा तीन होत्या. जंगल, बंदर, गुहा. तुझ्या पिशवीतून गुहेच्या नकाशाची सुरळी डोकावत होती, चार रंगांच्या स्केचपेननं रंगवलेली. बंदरात काय आहे विचारलं, तर तू बराच वेळ विचार करून म्हणालास, “बोटी.”

आडचा : होत्याच बोटी!

पुढचा : आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हटलं, गुहा.

आडचा : म्हणजे... गेले तीन महिने लिंबूटिंबू मी?

पुढचा : कळू देऊ नये, असं तुझ्याच पुस्तकात आहे. आम्हाला ते आत्तापर्यंत जमलं होतं.